बाबांच्या नकाशाला पडलेलं भोक

आमच्या घरात टीव्ही यायच्या आधीपासून एक नकाशा आहे आणि त्या नकाशाला एक भोक आहे. पाहुण्यांना आधी भोक दाखवलं जायचं, मग चहा मिळायचा.

नकाशा इंग्रजांच्या काळातला. मागून कापड चिकटवलेला, घड्या घालून कपाटावर ठेवायचा. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. लग्नाआधी कधीतरी उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये रद्दीच्या दुकानात त्यांना तो सापडला. 'सापडला' हा त्यांचा शब्द. आई म्हणायची, रद्दीवाल्याने यांच्या गळ्यात मारला असेल, असल्या जाड कागदात भेळसुद्धा बांधता येत नाही.

त्या एका कागदावर आमचं अख्खं खोरं आहे. मधून उल्हास नदी, पश्चिमेला मलंगगडाची रांग, पूर्वेला बारवी नदी आणि तिच्या पाठीमागचे जंगलाचे डोंगर. अंबरनाथ म्हणजे एक स्टेशन आणि एक देऊळ. बदलापूर म्हणजे मूठभर काळे ठिपके. उल्हासनगर तर नाहीच, तिथे नुसतं माळरान. आणि आज जिथे आमची बदलापूरची सोसायटी उभी आहे तिथे भाताचं शेत दाखवलंय. म्हणून पावसाळ्यात पार्किंगमध्ये बेडूक येतात तेव्हा बाकीच्या बायका वॉचमनवर ओरडतात, पण मी ओरडत नाही. मूळ रहिवासी ते. आम्ही नंतर आलो.

नकाशाभर तपकिरी बारीक रेघा आहेत. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी रागाने गिरगटलंय. बाबांनी एकदा मला मोरीत नेलं आणि जुनी बादली दाखवली. पाणी उतरत जातं तशी बादलीला आतून एकाखाली एक पांढरी वर्तुळं उमटतात ना, तशी. एका वर्तुळावरचं सगळं एकाच उंचीला. "डोंगर म्हणजे उलटी बादली," बाबा म्हणाले. "आणि खोरं म्हणजे सुलटी. रेघ बघितली की पाणी आधी कुठे पोचणार ते कळतं." हे मला तेव्हाही पटलं आणि पुढे अगदी नको तिथे उपयोगी पडलं.

आता भोक. कापडाचा नकाशा चार घड्या जिथे मिळतात तिथे झिजतो. बाबांच्या नकाशात त्या घड्या बारवीच्या एका ओढ्यापाशी मिळत होत्या आणि तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्या भोकात बरोबर माझ्या आईचं माहेर होतं.

बाबांना हे केव्हा लक्षात आलं कोण जाणे, पण त्यानंतर त्यांनी आयुष्यात दुसरी करमणूक शोधली नाही. माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरी आला रे आला की नकाशा खाली उतरायचा. बाबा तो दोन्ही हातांनी समोर धरायचे आणि अगदी साळसूदपणे म्हणायचे, "मेहुणे, जरा दाखवा बरं तुमचं गाव कुठे आहे."

मामा बिचारा भोळा होता असं मुळीच नाही. त्याला काय होणार ते पाठ होतं. तरी तो दर वेळी बोट पुढे करायचा, बोट भोकातून आरपार जायचं आणि पलीकडून बाबा ते पकडायचे.

"सापडलं!" बाबा ओरडायचे. "गाव नाही, पण गावकरी सापडला!"

"दाजी मुद्दाम तिथंच घडी घालतात," मामा आईकडे तक्रार करायचा. "रोज कपाटावरून काढून घासत असणार. तू लक्ष ठेव."

आई भावाची बाजू घ्यायची. म्हणजे तोंडाने काही म्हणायची नाही, पण त्या दिवशी बाबांना मटणात नुसते बटाटे यायचे. मामाच्या ताटात नळीचं हाड असायचं आणि तो ते बाबांच्या तोंडासमोर मुद्दाम आवाज करत चोखायचा.

मामाचं 'गाव' म्हणताना आम्ही सगळेच थोडी लबाडी करतो. गाव वरच्या अंगाला होतं. तिथे देऊळ, पाटलाचं घर आणि चिरेबंदी विहीर. मामाची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावापासून वेगळी. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले, पण ओढ्याची खालची बाजू काही सुटली नाही. गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही. वर कुणी भल्या मनाचं भेटलं तर ते हंड्यात वरून पाणी ओतायचं, नाहीतर ओढा होताच. त्यात आधी गावाच्या म्हशी डुंबायच्या आणि मग ते पाणी आमच्याकडे यायचं.

पुढे बारवीवर धरण झालं आणि गाव, वस्ती, विहीर, म्हशींचा डोह, सगळं पाण्याखाली गेलं. आता तेच पाणी आमच्या तिन्ही शहरांच्या नळांना येतं. मामा अंबरनाथला राहायला आला तेव्हापासून आमच्या घरातला शब्दच बदलला. नळाला पाणी आलं की मामा म्हणायचा, "आलं माझं गाव." पाणीकपात असली की आई आम्हांला बजावायची, "आज मामाचं गाव येणार नाही, बादल्या भरून ठेवा." मी शाळेत एकदा बाईंना हेच वाक्य सांगितलं आणि त्यांनी आईला भेटायला बोलावलं.

धरणाच्या पाण्याबद्दल मामा असे विनोद करायचा. पण ते पाणी चढलं तो दिवस कसा होता, हे त्याने कधी सांगितलं नाही. आईला विचारावं तर तिचं त्याआधीच लग्न झालं होतं. "मी नव्हते तिथे," एवढंच ती म्हणायची आणि मग आई गेली.

आई गेल्यावरही भोकाचा खेळ चालू राहिला, फक्त मटण मी करायला लागले. बाबा माझ्याकडे बदलापूरला आले, नकाशाही आला. मला वाटलं होतं, दोघं म्हातारे होतील तसे शहाणे होतील. कसलं काय! बाबांची ऐंशी जवळ आली, मामा पंचाहत्तरीच्या पुढे गेला, तरी बोट आरपार जायचं आणि बाबा पलीकडून पकडायचे.

मग मामाला काचबिंदू निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालायचे, आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची. मामाला कडेचं दिसेनासं झालं होतं, फक्त मधलं दिसायचं. "पुठ्ठ्याच्या नळीतून बघतोय असं वाटतं," तो म्हणाला. दवाखान्यातून तो सरळ आमच्याकडे आला. बाबांनी सवयीने नकाशा काढला आणि समोर धरला. मामाने बोट पुढे केलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "खूप झालं. आता हे भोक बुजवा. मला माझी वस्ती बघायचीय. दिसतंय तवर."

बाबांनी नकाशा खाली ठेवला. मला मामाची दया आली आणि बाबांचा राग आला. नंतर लक्षात आलं, की मीही इतकी वर्षं टाळ्या पिटत होते.

मामा घरी परतल्यावर मी लॅपटॉप काढला. म्हटलं त्यात काय एवढं, नेटवर सगळं मिळतं. आणि मिळालंही. त्याच नकाशाची कुणीतरी चढवलेली प्रत, बिनभोकाची. मी बाबांना हाक मारली, दोघांनी डोकं घालून तो कोपरा मोठा केला. गाव होतं. घरांचे काळे चौकोन, देवळाची खूण, विहिरीचा निळा ठिपका. खालून ओढा गेला होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोरा कागद.

मी आणखी मोठं केलं. कोराच.

"वस्ती नाही," मी म्हणाले.

बाबांनी पडद्यावरच्या त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "मोजणीला गोरा साहेब आला असेल, पाटलाकडे जेवला असेल आणि गाव काढून गेला असेल," ते म्हणाले. "ओढ्याखाली उतरायला त्याला कुणी सांगितलं नसेल. आणि पाटील कशाला सांगतोय?"

माझं डोकं फिरलं. मामाला मी काय दाखवणार होते? भोक होतं तोवर निदान असं तरी वाटायचं, की वस्ती तिथे होती आणि झिजली. मी लॅपटॉप धाडकन मिटला. पण बाबांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी चाललं होतं. मला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. मामाच्या चपला लपवल्या की ते असेच दिसायचे.

"मग भोकच बरं," ते म्हणाले. "छापलेल्यात खाडाखोड करावी लागते. भोकात आपण पाहिजे ते काढू शकतो."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही कॅम्प एकला गेलो. रद्दीवाल्याचं दुकान कधीच गेलं होतं. तिथून चार दुकानं पुढे एक सिंधी काका छपाईचं काम करतात. लेबलं, लग्नपत्रिका, टी-शर्ट, पडदे, जे द्याल ते छापून मिळतं, आणि मूळ कुठलं नि छापील कुठलं हे ओळखू येत नाही. काकांनी नकाशा टेबलावर पसरला, चश्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "माल एकदम पुराना है साईं. इसको मैं ओरिजिनल से भी ओरिजिनल बना के दूँगा."

मग ते नकाशात काहीतरी शोधायला लागले. बोट कल्याणवरून अंबरनाथपर्यंत गेलं, परत मागे आलं.

"अपना कॅम्प किधर है?"

"तुम्ही अजून यायचे आहात," बाबा म्हणाले.

काका आधी हसले आणि मग हसायचे थांबले. "सही बात है. उस टाइम मेरा बाप सिंध में था. उधर का नक्शा तो मेरे पास है नहीं, होता तो उसका भी प्रिंट मारता." मग लगेच धंद्यावर आले. बोटाने भोक चाचपून म्हणाले, "ये खाली जगह खराब दिखती है. इधर गणपती डाल दूँ? या शुभ-लाभ?"

"नको नको!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "तिकडे आम्ही आहोत."

काकांनी भोकाची जागा पांढरी ठेवून नकाशा भिंतीएवढा मोठा करून छापला. एक नाही, दोन प्रती काढल्या. मी म्हटलं, एक पुरे. "बहनजी, मुझे तजुर्बा है," काका म्हणाले, "पहला हमेशा बिगड़ता है."

बाबा रागावले. म्हणाले, माझ्या हातून कारखान्यात एक शीट फुकट गेलेली नाही. ते काकांनी ऐकलं नाही, कारण ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला पडदा दाखवत होते.

घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मोठ्या केलेल्या भोकाची जागा आता ताटाएवढी झाली होती. बाबांनी जुनी ड्रॉइंगची पेनं धुतली, शाई आणवली, उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि आधी कॉन्टूर, म्हणजे त्या बादलीच्या रेघा, जोडून घेतले. एका काठाला तुटलेली तपकिरी रेघ पलीकडच्या रेघेला नेऊन मिळवायची. हात थरथरत होता पण रेघ सरळ येत होती, हे कसं ते मला अजून कळलेलं नाही. मी समोर बसून लसूण सोलत होते आणि बघत होते. थोड्या वेळाने मला काहीतरी खटकलं.

"बाबा, ओढा चुकला."

"चुकला नाही."

"तो गावाकडून खाली येतो. तुम्ही वस्तीकडून गावाकडे नेलाय."

"हो."

मी लसूण बाजूला ठेवला आणि उठून त्यांच्या बाजूने बघितलं. बाबांनी गाव खाली नेलं होतं आणि वस्ती वर. ओढा आधी आमच्या घरांजवळून जात होता, मग गावाकडे. रेघा जुळाव्यात म्हणून त्यांनी एक अख्खी टेकडी थोडी सरकवली होती. धरण बांधायला सरकारला किती वर्षं लागली असतील, बाबांनी दुपारच्या चहाआधी टेकडी हलवली.

"कोण तपासायला जाणार?" ते म्हणाले. "वर धरणभर पाणी आहे."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी खुर्ची ओढून घेतली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. मी म्हटलं, मामाच्या दारात विहीर पाहिजे. बाबांनी विहीर दिली. मी म्हटलं, एक विहार. तोही दिला. पाटलाचं घर कुठे ठेवायचं यावर जरा चर्चा झाली आणि शेवटी आम्ही ते म्हशींच्या डोहात ठेवलं. चोरी करताना लोकांना असंच वाटत असेल, पोटातून हसू येत होतं.

मग बाबांनी आईचं घर काढायला घेतलं. एका चौकोनाला किती वेळ लागतो? पण ते खूप वेळ त्याच्यावर वाकून होते. मागे आंब्याचं झाड काढलं. दारात पायरी काढली, जी त्या मापात दिसणंच शक्य नव्हतं.

"मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा," ते मान वर न करता म्हणाले, "आम्ही सगळे बसलो आणि मुलगी कुठे दिसेना. तुझी आजी म्हणाली, येतेय, बसा. नंतर कळलं, घरात चहापुरतंसुद्धा पाणी नव्हतं. आम्ही बघायला आलेलो आणि ती त्या उन्हात खाली ओढ्यावर आमच्याच चहाचं पाणी आणायला गेलेली. हंडा घेऊन चढून आली, घामाघूम झालेली. तीच मुलगी, हे मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं." त्यांनी पेन पुसलं. "म्हणून वर काढलं. आता तिला कुठे जायला नको."

मला रडू आलं आणि मी लसणावर ढकललं.

रविवारी मामा आला. खिशात थेंबांची बाटली, हातात भिंग. "जयभीम दाजी. बुजवलं का भोक?" बाबांनी त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. नकाशा मी टाचण्यांनी लावून ठेवला होता. मामा नळीतून बघितल्यासारखी मान फिरवत फिरवत नकाशावर शोधत गेला. आधी नदी सापडली, मग बारवी, मग गाव. तिथून त्याचं बोट सवयीने खाली उतरलं. खाली कोरं होतं. बोट आरपार गेलं नाही, पण वस्तीही मिळाली नाही.

"मी कुठाय?" मामा म्हणाला.

बाबांना राहवलं नाही. त्यांनी मामाचं बोट धरून वर नेलं. "इथे! गावाच्या वर! तुमच्या दारात विहीर, बघा. आता पाणी आधी तुम्हांला, मग पाटलाला. आणि पाटील कुठे आहे विचारा."

मामाने भिंग लावलं. विहीर बघितली, विहार बघितला, डोहातला पाटील बघितला आणि हसायला लागला. आम्हीही हसलो. तो इतका हसला की त्याला खोकला आला, मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्याने ग्लास ठेवला आणि म्हणाला, "झ्याक आहे. आता पुसा."

"पुसा काय?" बाबा उखडले. "मरमर करून काढलंय. आणि खरं सांगू का, त्या साहेबाने तुमची वस्ती काढलीच नव्हती. बिनभोकाचा नकाशा बघितलाय आम्ही. तुमचं आहे तरी काय त्याच्यात खरं-खोटं करायला?"

मी बाबांना डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. मामा दचकला नाही.

"नसंलच काढली," तो म्हणाला. "तो वरनं बघत असणार. पण तुमी खालनं बघितलीय ना, दाजी? मंग तुमी खोटं काढू नका." तो खुर्चीवर बसला. "बाय, तूपण बस. तुला सांगायचं राहिलंय."

आणि त्याने तो दिवस सांगितला.

"पावसाळा व्हता. ओढा चढत व्हता, पण उलटा. खालनं वर. आमी म्हटलं, उतरंल. सकाळी उठून बघतो तर पाणी उंबऱ्याला. गाव सगळं वर उभं राहून बघत व्हतं. आमच्याकडं. खाली कोण आलं नाय. मी सामान बांधतोय, तुझे आजोबा कोंबड्या धरतायत. आणि माझी आई काय करत व्हती माहितीय? आतनं हंडा घेऊन आली, उंबऱ्यावर मांडी घालून बसली आणि हंडा भरून घेतला. दारात. कुणाला विचारलं नाय. कुणी वरनं ओतलं नाय. मी म्हटलं, आये, सोड, पाणी घरात येतंय. तर उठली, वर गावाकडं बघितलं आणि असली बोंब मारली..." मामाने तोंडाशी दोन्ही हात नेले. "'आगं ए, माझ्या चुलीतनं पाणी तुमच्या विहिरीकडं निघालंय गं! सोवळं सांभाळा!'"

बाबा उभेच होते. मला हसावं की काय करावं कळेना.

"आणि गेलं की!" मामा म्हणाला. "चुलीत शिरलं, मोरीत शिरलं, मंग चढत चढत सरळ त्यांच्या विहिरीत. जिला आमी जल्मात हात लावला नाय. कुणाच्या बापाला अडवता आलं नाय. आई मरेपर्यंत ते आठवून एकटीच हसायची." त्याने भिंग खिशात ठेवलं. "आता तुमी आमाला वर नेऊन ठेवलंत. मंग पाणी आधी गावाला लागणार आणि मंग आमाला. म्हंजे परत त्यांचंच उष्टं. अख्ख्या आयुष्यात एक डाव जिंकली माझी आई, दाजी. तोपण काढून घेता?"

मला बादली आठवली. रेघ बघितली की पाणी आधी कुठे पोचणार ते कळतं. आम्ही किती प्रेमाने आजीला हरवून बसलो होतो!

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगताना हसू येईल का रडू, भरवसा नव्हता," मामा म्हणाला. त्याला दोन्ही येत होतं.

बाबांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला. पुसला मात्र नाही, गुंडाळी करून माझ्या हातात दिला. मग सिंधी काकांची दुसरी प्रत टेबलावर पसरली आणि मामाला शेजारी बसवलं. त्या दिवशी जेवण उशिरा झालं. मामा सांगत होता, बाबा काढत होते. टेकडी परत जागेवर गेली. गाव वर, विहीर वर, ओढा खाली, वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. मध्ये दोनदा भांडण झालं. एकदा आंब्याच्या झाडावरून आणि एकदा बाबा पाटलाला परत डोहात ठेवायला बघत होते म्हणून. मामाने पाटलाचं घरसुद्धा अगदी होतं तिथेच ठेवायला लावलं. "तो वरच पायजे," तो म्हणाला. "खाली असंल तर पाणी चढल्याची मजा काय?"

सगळं झाल्यावर मामाने एकच गोष्ट मागितली. वस्तीच्या उंबऱ्यापासून गावाच्या विहिरीपर्यंत एक निळा बाण.

बाबा ड्राफ्ट्समन होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाण प्रवाहाचा असतो, मेहुणे. पाणी चढण चढत नाही. नियमात बसत नाही हे."

"त्या साली चढलं," मामा म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि पेन उचललं. आयुष्यभर एक शीट न चुकवलेल्या माणसाने डोंगर चढणारा बाण काढला, तोही ठसठशीत.

पहिली प्रत माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. साड्या काढताना रोज आईचं घर दिसतं, टेकडीवर, जवळच विहीर. ते खोटं आहे हे मला माहीत आहे आणि ते मी कुणाला पुसू देणार नाही.

दुसरी बाहेर भिंतीवर आहे. मामाला आता मधलंही फारसं दिसत नाही. बाबांनी मला न सांगता पुन्हा उल्हासनगरला जाऊन काकांकडून कपड्यावर उठावाची नक्षी काढायची रंगाची ट्यूब आणली आणि बाणावरून फिरवली. ती वाळून रेघ चांगली वर आली आहे, बोटाला लागते.

मामा आला की बाबा अजून तस्सेच साळसूद होतात. "मेहुणे, जरा दाखवा बरं तुमचं गाव कुठे आहे." मामा बोट पुढे करतो, चाचपत चाचपत उंबरा शोधतो आणि रेघेवरून हळूहळू वर चढायला लागतो. विहिरीपाशी रेघ संपते तिथे बोट थांबतं.

"पोचलं का?" बाबा विचारतात.

"पोचलं," मामा म्हणतो. "सोवळं सांभाळा."